पहाटेचा अभ्यास, सातची शाळा आणि मतांची वही

प्रश्न : मी दहावीत आहे. आमचं गाव निफाड तालुक्यात, शाळा आठ किलोमीटरवर. साडेसहाची एसटी, सातला शाळा, साडेबाराला सुटते. आई रोज सव्वाचारला उठवते, कारण पहाटे पाठ केलेलं लक्षात राहतं म्हणे. मी दार लावून कोळशाची शेगडी जवळ घेते, गोधडीत पुस्तक धरून बसते आणि पाच वाजले तरी त्याच पानावर असते. रात्री झोपायला अकरा होतात. थंडी वाढली की पप्पा रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला जातात, त्यामुळे आपण झोपून राहायचं हेही बरं वाटत नाही. मला रोज काही ना काही मत सुचतं, ते मी एका वहीत लिहिते. पहाटेचा अभ्यास हे थोतांड आहे. सातची शाळा हा अन्याय आहे. थंडीत रोज अंघोळ कशाला? २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो म्हणतात, पण सकाळचा अंधार उलट वाढलाय (हे वर्गात म्हटलं तर सगळे हसले). मोठ्यांना आमचं काही कळत नाही. प्रिलिमला पहिलं पान लिहिताना बोटं वळत नव्हती, अक्षर घाण आलं. संध्याकाळी उगाच रडू येतं. ताई म्हणते, मतं बारावीनंतर, आधी अभ्यास. खरंच वही बंद करू का?
– दहावीतली एक, निफाड तालुका

उत्तर :

वही बंद करायची गरज नाही. तुझ्या मतांपैकी एक पूर्ण बरोबर आहे, दोन-तीन अर्धी बरोबर आहेत, एक अजून मत झालेलंच नाही. पण पत्रात सगळ्यात तातडीची जी गोष्ट आहे ती तू जाता जाता लिहून गेलीस. आधी ती.

दार लावून कोळशाची शेगडी घेऊन बसणं आजपासून बंद. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्टपणे तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरून बसतो आणि शरीराला ऑक्सिजन कमी पडायला लागतो. घरोघरी चूक एकाच ठिकाणी होते : धूर संपला, निखारे लाल झाले, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही, असं समजतात. धूर गेला तरी हा वायू निघतच असतो. सुरुवातीला डोकं जड होतं, मळमळतं, झापड येते. तू पाचपर्यंत एकाच पानावर असतेस, त्यात थोडा वाटा या शेगडीचाही असू शकतो. खिडकी बोटभर उघडी ठेवून भागत नाही. कधी असं जाणवलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत ये, मग घरच्यांना हाक मार. उलटी किंवा भोवळ आली, किंवा खोलीतल्या दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर थेट दवाखाना गाठायचा. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरलाही हेच सगळं लागू आहे.

शेगडीऐवजी रबरी गरम पाण्याची पिशवी घे. उकळतं पाणी नको, हात लावता येईल त्याहून थोडं जास्त गरम चालेल. पिशवी दोन तृतीयांश भरायची, आडवी दाबून हवा काढायची, मग बूच घट्ट करायचं आणि टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवायची. पिशवी नसेल तर स्टीलची बाटली जुन्या लोकरी मोज्यात घाल. थंडी फरशीतून चढते, म्हणून पायाखाली पोतं, त्यावर सतरंजी, पायात मोजे, डोक्याला कानटोपी. गोधडी कमरेखाली. खांद्यावर ओढलीस की डुलकी आलीच.

आता पहाटेचा अभ्यास. 'थोतांड' जरा जास्त झालं, पण आईचं म्हणणंही अर्धंच खरं आहे. ही समजूत ज्या काळात रुजली तेव्हा घरं नऊला निजत होती. चारला उठणाऱ्याची सात तास झोप झालेली असे, घर शांत असे, हातात फोन नसे. फायदा त्या झोपेचा आणि शांततेचा होता. घड्याळातल्या चारच्या आकड्यात वेगळं असं काही नाही.

तुझा हिशेब बघ. अकरा ते सव्वाचार म्हणजे सव्वापाच तास. तेरा ते अठरा या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. म्हणजे रोज किमान पावणेतीन तासांची उधारी. दिवसभर वाचलेलं पक्कं बसवायचं काम झोपेत चालतं. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे. सव्वाचारचा गजर हा दुसरा भागच कापून टाकतो. शिवाय नेमक्या त्याच सुमारास शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यात कमी असतं. उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटं डोकं तसंही चालू होत नाही, झोप अपुरी असेल तर आणखी वेळ लागतो. तू आळशी नाहीस. या वयात झोपेचं घड्याळ आपोआप पुढे सरकतं, म्हणून नऊला झोप येत नाही आणि पहाटे डोळे उघडत नाहीत.

वेळापत्रक उलटं, बसपासून मागे मोजत लाव. साडेसहाची एसटी, म्हणजे सव्वासहाला घर सोडायचं. तयारीला पाऊण तास धरला तर साडेपाचला उठलं तरी पुरे. रात्री साडेनऊला पडलीस तर आठ तास होतात. अकरावरून एकदम साडेनऊवर उडी मारू नकोस, नुसती कूस बदलत पडशील. दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आण, बारा दिवसांत जमेल. फोनचा गजर लावून फोन उशाशी ठेवतात तिथे अर्धा खेळ बिघडतो. साधं गजराचं घड्याळ आण आणि उठून चार पावलं टाकावी लागतील इतकं लांब ठेव.

अभ्यास मग कधी? दुपारी एकला घरी. जेवण, वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी (याहून लांबली तर उठल्यावर तासभर जडपणा), आणि दोन ते साडेचार गच्चीवर किंवा ओट्यावर उन्हाकडे पाठ करून बस. पुस्तकावर सावली आणि पाठीवर ऊन पडेल असं. गणित आणि विज्ञान इथेच, कारण तुझा सगळ्यात जागा वेळ हाच आहे. संध्याकाळी सात ते नऊ भाषा, इतिहास, भूगोल. साडेपाचला उठून तयारी लवकर आटोपली तर उरलेल्या दहा मिनिटांत नवीन काही उघडायचं नाही. आदल्या दिवशीच्या व्याख्या, सूत्रं पुस्तक मिटून कागदावर लिहायची, मग उघडून ताडायची. नुसतं डोळ्यांखालून घातलेलं 'येतंय' असं वाटतं, आणि प्रश्नपत्रिका समोर आली की जातं.

आणखी एक गोष्ट घरात कुणाच्या लक्षात येत नाही. बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला असतो. डोकं तेज हवं ते अकरा ते दोन या वेळात. प्रिलिमनंतर दर रविवारी अकराला घड्याळ लावून एक पूर्ण पेपर लिही : ८० गुणांचा तीन तासांत, गणित किंवा विज्ञानाचा ४० गुणांचा भाग दोन तासांत. मध्ये उठायचं नाही, पाणी बाजूलाच ठेवायचं. अभ्यासाच्या सुट्टीत सातची शाळा नसेल तेव्हा सहाला उठलं तरी काही बिघडत नाही.

आईशी वाद घालू नकोस, प्रयोग मांड. विज्ञानाच्या पुस्तकातून सारख्या अवघड पन्नास-साठ व्याख्या काढ, चिठ्ठ्या करून डब्यात टाक. एक दिवस पहाटे पाच चिठ्ठ्या उचलून पाठ कर, दुसऱ्या दिवशी दुपारी पाच. असं आलटून पालटून दहा दिवस. बरोबर चोवीस तासांनी, पुस्तक मिटून, ताईला तपासायला सांग. शेजारी आदल्या रात्रीची झोप तासांत लिही. वेळ दोन्हीकडे सारखा ठेव, वीस मिनिटं. नाही तर पहाटे चाळीस मिनिटं आणि दुपारी दहा असं होतं आणि निकाल आधीच ठरतो. चिठ्ठ्या निवडूनही घ्यायच्या नाहीत, डब्यात हात घालून येतील त्या घ्यायच्या. यातून जगातल्या सगळ्या मुलांचं काही सिद्ध होत नाही, तुझं मात्र बऱ्यापैकी कळतं. आकडे पहाटेच्या बाजूने लागले तर तेही मान्य करायची तयारी ठेव.

पप्पा जागतात म्हणून आपणही जागायचं, हे मनातून काढून टाक. पारा फार खाली गेला की पाणी भरत आलेले द्राक्षमणी तडकतात. म्हणून बागेत धूर करायचा, पहाटे ठिबक चालवायचं. ते काम त्याच वेळी करावं लागतं, सकाळी आठला करून उपयोग नाही. भूमितीच्या प्रमेयाचं तसं नसतं. तुझ्या जागरणाने बागेतलं एक पानही गरम होत नाही. हातभार लावायचाच असेल तर संध्याकाळी शेकोटीची लाकडं, पाचट लावून ठेव, रविवारी दुपारी बागेत जा.

अंघोळीचं मत तसं बरं आहे, फक्त वेळेचा मुद्दा सुटलाय. थंडीत रोज डोक्यापासून पायापर्यंत साबण चोळायची गरज नसते. काखा, जांघा, पाय, चेहरा रोज धुवायचेच, मोजे रोज बदलायचे. कढत पाण्याने त्वचेवरचं तेल निघून जातं, मग खाज आणि पांढरे ओरखडे. पाणी कोमट, वेळ पाच-सात मिनिटं, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन. कोरड्या अंगावर नंतर चोळलं तर निम्मा उपयोग होतो. (तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. बाटली कोमट पाण्यात उभी ठेव, गॅसवर धरू नकोस.) आणि मुख्य म्हणजे ही अंघोळ शाळेतून आल्यावर दुपारी कर. सकाळी हात-पाय-तोंड. वीस मिनिटांची झोप वाचते आणि ओल्या केसांनी एसटीची वाट बघावी लागत नाही. आईला 'अंघोळीशिवाय शाळेत' पटणार नाही, हे गृहीत धरून बोल. प्रिलिम ते बोर्ड एवढ्याच दिवसांची सवलत मागितलीस तर मिळेल. पाणी तापवायला हीटरची कांडी वापरत असाल तर बटण बंद करून, प्लग काढून मगच पाण्यात हात.

बोटांचं. हाताची कातडी पंधरा अंशांच्या खाली गेली की बोटांची बारीक हालचाल मंदावते. अक्षर बिघडलं ते त्यामुळे. त्यात बॉलपेनची शाई तेलकट असते, गारठ्यात घट्ट होते आणि सुरुवातीला तुटक उमटते. पेन दप्तरात नको, स्वेटरच्या आतल्या खिशात ठेव. वर्गात शिरेपर्यंत हातमोजे, आणि पेपरआधी पाच मिनिटं दोन्ही हात काखेत. गरम पाण्याची बाटली हातात धरली तरी चालतं, पण हात ओले करू नकोस, वाळताना अधिक गार पडतात. मिळालेल्या कच्च्या कागदावर चार ओळी खरड, मग उत्तरपत्रिका. बोटांची टोकं कापलेले लोकरी मोजे चालतील का, हे पर्यवेक्षकांना आदल्या दिवशीच विचार. बोर्डाच्या वेळी, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सकाळी अकराला, हा त्रास बहुधा उरणारच नाही. त्यामुळे प्रिलिमच्या अक्षरावरून मनात काही ठरवून टाकू नकोस.

उपाशीपोटी जात असशील तर तेही थांबव. अर्धी बाजरीची भाकरी आणि दूध, नाही तर दोन तिळाचे लाडू. तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायचंच नाही, असंही होतं थंडीत. बाटली मधल्या सुट्टीपर्यंत अर्धी झालीच पाहिजे.

संध्याकाळच्या रडण्याकडे नीट बघ. लांब हिवाळ्याच्या, उत्तरेकडच्या देशांत कमी उजेडामुळे मन खालावतं हे खरं, पण आपल्याकडे डिसेंबरातही जवळजवळ अकरा तासांचा दिवस असतो. त्यामुळे आधी संशय झोपेवर घ्यावा, मग भुकेवर, मग दिवसभर खोलीत कोंडून घेण्यावर. साडेचार ते सव्वापाच बाहेर चाल, पुस्तक न घेता. पाचच्या सुमारास काहीतरी खा. दिवेलागणीला अवघड विषय काढू नकोस, त्या वेळी अडलेलं गणित दुप्पट मोठं वाटतं. झोप आठ तासांवर आल्यावर आठ-दहा दिवसांत फरक पडायला हवा. पण दोन आठवडे रोज असंच वाटत राहिलं, जेवण जात नाही, आवडीचंही नकोसं झालं, किंवा जगणंच नको असं मनात आलं, तर वहीत लिहून ठेवण्यावर थांबू नकोस. जगणं नको हा विचार आला तर दोन आठवडे थांबायचंही नाही, त्याच दिवशी आईला किंवा विश्वासातल्या बाईंना सांग. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि मराठीत बोलता येतं.

आता वर्गात ज्यावर हशा झाला ते मत. तू बरोबर आहेस.

दिवस सगळ्यात लहान २१-२२ डिसेंबरला असतो, हेही खरं आणि त्यानंतर सकाळ आणखी उशिरा उजाडते, हेही खरं. निफाडला २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सात वाजून चार-पाच मिनिटांनी उगवतो, आणि जानेवारीच्या मध्यात सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. सूर्यास्त मात्र नोव्हेंबरच्या अखेरीपासूनच पुढे सरकायला लागलेला असतो. म्हणजे दिवस वाढतो तो संध्याकाळच्या टोकाने. कारण असं : सूर्य डोक्यावर येण्याची वेळ, म्हणजे खरी मध्यान्ह, घड्याळात रोज एकाच क्षणी येत नाही. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि वेगाने पुढे जाते. या दोन्हींमुळे डिसेंबरअखेरीस मध्यान्ह रोज सुमारे अर्धा मिनिट उशिरा सरकते आणि सूर्योदय-सूर्यास्त दोघांनाही बरोबर ओढून नेते. संक्रांतीपर्यंत दिवस वाढतो तो फक्त सात-आठ मिनिटं. 'तिळातिळाने' हा हिशेब तसा चोख आहे.

हे सिद्ध करायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरे. तिच्यात बहुधा मुंबईची वेळ असते, निफाडला सूर्य तीन-चार मिनिटं आधी उगवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर दहा दिवसांची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ आलेखाच्या कागदावर मांड आणि सरांना दाखव. हसणाऱ्यांना दाखवायची गरज नाही.

बघ, हे मत टिकलं कशामुळे? तू काहीतरी पाहिलं होतंस, रोज, एकाच ठिकाणी, एकाच वेळी. 'मोठ्यांना आमचं काही कळत नाही' याचं तसं नाही. कुठले मोठे, काय कळत नाही, कशावरून? आई सव्वाचारला उठवते पण मी किती वाजता झोपले हे विचारत नाही, असं लिहिलंस की ते मत होतं. मग त्यावर काही करता येतं : वेळापत्रक करून तिच्यासमोर ठेवता येतं. पहिल्या वाक्यावर फक्त रुसता येतं. 'काही', 'सगळे', 'नेहमी', 'कधीच' हे शब्द वहीत आले की पेन्सिलीने खूण कर आणि त्या जागी माणूस, वेळ किंवा आकडा घालता येतो का बघ. येत नसेल तर ते मत आठवडाभर तसंच पडू दे.

रोज दहा मिनिटं, रात्री नऊला, त्याहून जास्त नाही. आधी काय पाहिलं ते दोन ओळींत, तारीख-वेळेसकट. मग मत एका वाक्यात. मग याच्या उलट कोण काय म्हणेल ते, आणि इथे प्रामाणिक राहायचं, समोरच्याला मुद्दाम मूर्ख करून लिहायचं नाही. शेवटी काय दिसलं तर मी हे मत बदलेन, ते. पंधरा दिवसांनी मागे जाऊन लाल पेनाने एक शब्द : टिकलं, बदललं, अर्धं. काही सुचलं नाही त्या दिवशी पान कोरं सोड. ओढूनताणून लिहिलेलं मत लगेच ओळखू येतं. वर्गातल्या मुलामुलींची पूर्ण नावं टाळ, वह्या हरवतात आणि सापडतात. आणि ताईला सांग, मराठीच्या पेपरात वैचारिक लेखन असतं. एक पाहिलेली गोष्ट, एक मत, एक उलट बाजू, एवढं हाताशी असलं की पाठ केलेल्या 'मानवाने निसर्गावर मात केली'पासून सुटका होते. ही वही अभ्यासाच्या बाहेरची नाही.

राहिली सातची शाळा. 'अन्याय' हा शब्द काढ, कारण मुद्दा त्याच्याशिवाय जास्त भक्कम आहे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, कारण मुलांची झोप होत नाही. हायस्कूल त्यात नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नयेत अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये तसा कायदा केला आणि हायस्कूलना तो २०२२ पासून लागू झाला. म्हणजे तू एकटी काही भलतं बोलत नाहीस. पण तुझ्या शाळेत सातलाच का, हे आधी शोध. बहुधा दोन सत्रं असतात, दुपारी त्याच खोल्यांत दुसरे वर्ग. आणि एसटी. मुख्याध्यापकांना कितीही पटलं तरी गाडी साडेसहालाच येत असेल तर तुम्ही अर्धा तास फाटकाबाहेर कुडकुडत उभे राहाल.

म्हणून मागणी छोटी ठेव. वर्षभर नको. निफाडला साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य सातनंतर उगवतो, आणि दिवसातला सगळ्यात कडक गारठा सूर्योदयाच्या आसपासच असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवलेलं किमान तापमान थंडीत वर्तमानपत्रांत येतं, ती कात्रणं जमव. या दोन महिन्यांसाठी शाळा साडेसातला भरवावी, एवढंच माग. सुटण्याची वेळ तीच राहू शकते. आठ तासिका असतील तर प्रत्येकीतली चार मिनिटं कमी केली की बत्तीस मिनिटं निघतात, दुपारच्या सत्राला धक्का लागत नाही. ही आकडेमोड अर्जातच दे, नाही तर पहिला प्रश्न तोच येईल. जोडीला दहा दिवस पहिल्या तासाला किती जण उशिरा आले याची नोंद, नावांशिवाय, वर्गशिक्षकांना विचारून. अर्ज एका पानाचा, मा. मुख्याध्यापकांच्या नावे, पालकांच्या सह्यांसह, आणि आधी पालक-शिक्षक संघातल्या एखाद्या पालकाला दाखवून. एसटीसाठी आगार व्यवस्थापकांना वेगळा अर्ज. त्यात मार्गावरची गावं आणि पासधारक विद्यार्थ्यांची संख्या हवी. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत पास असतो, त्यामुळे तो आकडा शाळेच्या कार्यालयात मिळेल.

यंदा तुला याचा फायदा होणार नाही, वेळ बदलेपर्यंत तुझी परीक्षा आलेली असेल. अर्ज पुढच्या हिवाळ्यासाठीच असू दे. आत्ता थंडीत आकडे गोळा कर, परीक्षा संपली की एप्रिलमध्ये दे, म्हणजे जूनचं वेळापत्रक आणि गाड्यांचं नियोजन ठरायच्या आत तो टेबलावर असेल. दोन प्रती ने, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नकोस.